आभाळाचे पाणी

होडी समुद्रात बुडते हे सर्वांना ठाऊक असते; ती पावसात मरते, हे किनाऱ्यावरच्या माणसाखेरीज फारसे कोणाला ठाऊक नसते. आम्ही कॉलेजात मराठी शिकवणारे लोक वादळ, लाटा आणि तुटलेली शिडे यांवर तासन्‌तास बोलू शकतो, पण केबिनच्या छपरातून टपकणाऱ्या एका थेंबाविषयी आमच्याजवळ चार वाक्ये नसतात. ती चार वाक्ये मला माझ्या मावसभावाच्या होडीने शिकवली.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. होडीला खारे पाणी बाधत नाही तेवढे गोडे पाणी बाधते. मिठात घातलेली कैरी टिकते आणि नुसत्या पाण्यात ठेवलेली नासते, तसाच हा प्रकार. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी, हवा हवी, आणि मिठाचे तिला वावडे. पाण्याखालच्या फळ्यांना दर्याचे किडे पोखरतात हे खरे. परंतु त्यांचा बंदोबस्त किनाऱ्यावरच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. केबिन मात्र पाण्याच्या वर असते, तिच्यावर पडते ते आभाळातले गोडे पाणी, आणि ते एकदा आत शिरून फळीआड बसले की वाळता वाळत नाही. लाकडातली ओल शेकडा वीसच्या आत असेल तर बुरशी धरत नाही. तिशीच्या घरात गेली की तिचा संसार सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जहाजे बांधणारे लोक जहाजाच्या वाकांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवीत, ते याचसाठी.

आणि ही काही लहान होड्यांचीच रड नव्हे. १८१० साली इंग्लंडात डेप्टफर्डच्या गोदीतून ‘क्वीन शार्लट’ नावाचे शंभराहून अधिक तोफांचे जहाज पाण्यात उतरवले. ते कामगिरीवर निघण्यापूर्वीच आतून कुजू लागले. त्याच्यावर उगवलेल्या बुरश्या तपासण्यासाठी जेम्स सॉवर्बी या निसर्गशास्त्रज्ञाला बोलावण्याची पाळी आली! कच्चे लाकूड आणि कोंडलेली हवा, एवढी दोनच कारणे त्याला पुरली. याउलट १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. पण सागवान परवडण्याचे दिवस आता गेले. आमच्या मालवणकडच्या ट्रॉलरांच्या केबिनी बहुतेक प्लायवूडच्या, वरून फायबरचा हात दिलेल्या. प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेला तक्ता. त्याच्या कडेला पाणी लागले की ते पापुद्र्यांमधून आत आत शोषले जाते आणि वरचा रंग मात्र नव्या नवरीसारखा चकचकीत राहतो.

माझा मावसभाऊ तांडेल आहे. जूनच्या पहिल्या तारखेला पावसाळी मासेमारीबंदी लागली की त्याची होडी वाळूवर चढते, ओंडक्यांवर बसते. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला मोठा वाटा होडी अशी स्वस्थ बसलेली असतानाच पडतो. २०२३ च्या जुलैत त्याचा निरोप आला की, केबिनमध्ये डाव्या खिडकीखालच्या फळीवर पाणी येते. खलाशी तिथेच निजतात, बिनतारी यंत्राची बॅटरी तिथेच असते. आदल्या वर्षी एका कारागिराने खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन फासून दिले होते. त्याच्याही आदल्या वर्षी दुसऱ्या एकाने. खिडकीभोवती पांढरे, पिवळे आणि करडे असे तीन थर झाले होते आणि पाणी आपले येतच होते. होडीवर पतपेढीचे कर्ज. समुद्र खुला झाला की पहिल्या फेरीपासून हप्ता सुरू. तेव्हा जे करायचे ते त्याआधी.

मावशी सत्तरी ओलांडलेली. तिने जन्मभर कौलांखाली आणि झापांखाली पावसाळे काढले आहेत. केबिनमध्ये वाकून तिने खिडकीच्या कोपऱ्याला बोट लावले आणि म्हणाली, “गळणा नाय रे झिला, पाझारता.”

आता हा माझ्या धंद्यातला मुद्दा होता. मराठीत पाणी गळते, ठिबकते, टपकते, झिरपते, पाझरते. कोशात ही क्रियापदे शेजारी शेजारी बसतात म्हणून ती एकच आहेत असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण देत नाही. गळते ते वरच्या भोकातून सरळ खाली. ठिबकते तेव्हा पाणी वर कुठेतरी साचून, थेंब भरेपर्यंत थांबलेले असते. पाझरते तेव्हा ते लाकडाच्या पोटातून लांबची वाट चालून आलेले असते, आणि अशा वेळी जिथे ओल दिसते तिथे शोधून काहीच उपयोग नसतो. मावशीने क्रियापद बदलले आणि खिडकीवरचा आरोप निम्मा उतरला.

भाऊ म्हणाला, “जंय थेंबो पडता थंय भोक नसता, ह्यां माका पण कळता. पण मगे भोक खंय?”

तो शोध कसा घेतला ते सविस्तर सांगतो, कारण होडी नसलेल्या वाचकालाही घराच्या पत्र्यासाठी ते उपयोगी पडेल.

पहिले काम, केबिनच्या आतले सुशोभित अस्तर काढणे. भावाच्या जिवावर आले. गुलाबी फुलांचे सनमायका त्याने हौसेने लावले होते. पण अस्तराआडचे पाणी दिसत नाही तोवर सगळे अंदाजच. अस्तर निघाले आणि छपराच्या आडव्या तुळया उघड्या पडल्या. पावसाला एक दिवस उघडीप मिळाली तेव्हा आम्ही पंखा लावून आतले लाकूड कोरडे केले. मग मी कॉलेजातले खडू आणले. तुळयांच्या खालच्या अंगाला आणि उभ्या खांबांना खडू घासून सारे पांढरे करून टाकले. कोरड्या खडूवरून पाण्याचा ओघळ गेला की काळसर रेघ उमटते आणि पाणी आपली वाट आपल्या हाताने लिहून देते. फळ्यावर तीस जणांना काही समजावे म्हणून मी जेवढा खडू वर्षभरात झिजवला असेल, त्यापेक्षा त्या दोन तासांतल्या खडूचे चीज अधिक झाले असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग बाहेरून पाणी सोडायचे. इथे एक नियम आहे आणि तो मोडला तर दिवस फुकट जातो: खालून वर जायचे. वरून सुरुवात केली की पाणी सगळ्या भिंतीवरून, सगळ्या खिडक्यांवरून ओघळते आणि आत थेंब आला तरी तो कुठला हे सांगता येत नाही. खालून एकेक भाग धरायचा, धार मोठी सोडायची नाही, पाऊस पडतो तसे पाणी नुसते वाहू द्यायचे, आणि प्रत्येक जागी पंधरा मिनिटे थांबायचे. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ आहे. आपल्याकडे कोणतीही तपासणी फसते ती बहुधा तिसऱ्या मिनिटाला. बाहेर भाऊ नळी धरून, आत मी विजेरी घेऊन. केबिनची भिंत जिथे डेकवर बसते तो सांधा: कोरडा. खिडकीचा खालचा काठ: कोरडा. बाजू कोरड्या. खिडकीचा माथा, जिच्यावर तीन वर्षे सिलिकॉन फासले गेले, तोही कोरडा! छपराची कड कोरडी. भाऊ वैतागून छपरावर चढला आणि त्याने पुढच्या अंगाला पाणी सोडले. सातव्या मिनिटाला पुढच्या तुळईवर मधोमध एक काळी रेघ उमटली, ती तुळईच्या बाकाने डाव्या हाताला सरकत गेली, खांबाला टेकली, खांबावरून उतरली आणि खिडकीच्या चौकटीच्या पाठीमागून येऊन बरोबर त्या कोपऱ्यात चमकली. सगळी वाट मिळून सहा फुटांहून जास्त भरली.

छपराच्या पुढच्या भागी सर्चलाइटची बैठक होती, चार स्क्रूंवर. त्यांपैकी एकाच्या बुडाशी जागा झाली होती, जेमतेम कागद जाईल एवढी. अशा बारीक फटीला पाणी पडावे लागत नाही. ते स्वतः ओढून घेते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या फटीत पाणी आपल्या पृष्ठताणाने चौदा-पंधरा सेंटीमीटर उंच चढू शकते. म्हणून सुतार खिडकीच्या उंबऱ्याला खालून एक खाच मारतात: अरुंद जागेतून आलेले पाणी रुंद खाचेशी अडते, पागोळी होऊन बाहेर पडते.

परंतु आम्हांला पडलेला खरा प्रश्न निराळाच होता. हंगामात पाऊस झोडपतो, लाटा छपरावरून जातात, तेव्हा ही केबिन कोरडी. आणि होडी जमिनीवर बसली की गळकी. असे का? उत्तर छपरावरच सापडले. समुद्रात होडी मागच्या बाजूला किंचित दबून चालते, म्हणून छपरावरचे पाणी जायची भोके मागच्या कोपऱ्यांत ठेवलेली. वाळूवर मात्र पुढच्या ओंडक्याखालची वाळू पावसाने खचली होती आणि नाळ खाली झुकली होती. छपराच्या पुढच्या अंगाला तळे साचले होते, त्या चार स्क्रूंच्या गळ्यापर्यंत. समुद्रावर त्या स्क्रूंवरून पाणी क्षणभर वाहून जाई. इथे ते रात्रंदिवस त्यात उभे होते.

शोधाचा आनंद फार टिकला नाही. खांबावरची काळी रेघ खिडकीशी संपत नव्हती. खिडकीच्या कोपऱ्यात दिसत होते ते चुकार पाणी. बाकीचे खांबाच्या पाठीमागून तसेच खाली, डेकवरच्या आडव्या तुळईत उतरत होते. भिंत उभी असते ती त्या तुळईवर. भावाने स्क्रूड्रायव्हर टोचला. तो उकडलेल्या सुरणात जावा तसा मुठीपर्यंत गेला. भाऊ काही बोलला नाही. भर दर्यात आडवी लाट केबिनवर बसली असती तर ती भिंत धरून ठेवायला त्या कोपऱ्यात काहीच उरले नव्हते, आणि त्या भिंतीला टेकून चार पोरे निजत होती. खिडकीवर सिलिकॉनचा चौथा थर बसून तो थेंब खरोखरच थांबला असता, तर हे कोणाला कळलेही नसते.

दुरुस्ती करणे शोधण्यापेक्षा सोपे असते, खर्चिक मात्र असते. सुताराने कुजका भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वीतभर चांगले लाकूडही कापून काढले, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मग तिरकस सांधा देऊन नवा तुकडा बसवला. सर्चलाइटची बैठक सोडवली. स्क्रूंची भोके मुद्दाम मोठी करून, वाळवून, इपॉक्सीने बुजवली आणि त्या घट्ट इपॉक्सीत नवी बारीक भोके पाडली; म्हणजे पुढेमागे स्क्रूच्या कडेने पाणी आलेच तरी ते प्लायवूडला शिवणार नाही. बैठकीखाली ब्यूटाइलची मऊ चिकटपट्टी घातली. स्क्रू एकदम आवळले नाहीत, नाहीतर सगळा मऊ थर कडेने बाहेर पिळून निघतो आणि मध्ये उरते लोखंडावर लाकूड. पूर्वीचे लोक कापूस, राळ आणि तेल याच बेताने वापरीत. सांध्याच्या पोटात काहीतरी लवचिक असले पाहिजे, लाकूड फुगेल आणि आटेल तसे हलणारे. बाहेरून फासलेला लेप ही गोष्ट करू शकत नाही. सिलिकॉनचा आणखी एक दुर्गुण असा की, ते एकदा लागले की त्या जागी पुढे रंगदेखील धरत नाही. खिडकीभोवतीचे तीन थर खरवडायला दोन दिवस गेले.

दिव्याची तारही तिथूनच आत येत होती. तिला आत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून आलेले पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते. दमडीचा खर्च नाही.

हे सारे झाल्यावर चार दिवसांनी भावाचा पुन्हा निरोप: सकाळी छताला आतून थेंब आहेत. रात्री तर पाऊस नव्हता. मी जाऊन पाहिले, थेंब एका ओळीत नव्हते, साऱ्या छतभर सारखे पसरलेले होते, आणि खडूवर एकही रेघ नव्हती. तो गळतीचा प्रकार नव्हताच. केबिन निळ्या प्लॅस्टिकने गच्च बांधून ठेवलेली, आतली दमट हवा रात्री गार छताला लागून तिचेच पाणी झालेले. पूर्वी होड्यांवर माडाच्या झापांचे छप्पर घालीत. झापे पाऊस अडवीत, वारा अडवीत नसत. प्लॅस्टिक दोन्ही अडवते. मावशीचे म्हणणे पडले की झापेच घाला; पण विणणारे हात आता वाडीत फारसे उरलेले नाहीत. शेवटी प्लॅस्टिकखाली बांबूचा कणा देऊन ते केबिनपासून हातभर वर उचलले, दोन्ही टोके मोकळी ठेवली, आणि भिंतीत उलट्या पन्हळीसारखे झाकण असलेली दोन वारागवाक्षे पाडली. तिसऱ्या दिवशी छत कोरडे झाले.

त्या वर्षीचा पहिला हप्ता वेळेवर गेला. पुढच्या जूनमध्ये होडी वर ओढली तेव्हा भावाने सुताराची पाणसळ मागून आणली, छपरावर ठेवली, आणि तिचा बुडबुडा मागच्या भोकांकडे उतार दाखवीपर्यंत नाळेखाली एकेक फळी सारत राहिला.