खुनी ठरवलेले डॉक्टर

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात वैद्यकीचे विद्यार्थी ज्या प्रसूतिकक्षात शिकत, तिथे १८४७च्या एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरिनच्या द्रावणात धुतल्याशिवाय बाळंतिणीला तपासायचे नाही, असा दंडक डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे महिन्यात घातला. काही आठवड्यांत प्रमाण दोनाच्या आसपास आले.

एवढा पुरावा हाताशी असूनही त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः फारसे काही छापले नाही. पहिली टिपणे त्यांचे मित्र हेब्रा यांनी प्रसिद्ध केली. १८५०मध्ये त्यांना प्रेतावर नव्हे, फक्त पुतळ्यावर शिकवण्याची परवानगी मिळाली. अपमान खराच होता. पण सेमेलवाइस पाठीराख्यांचाही निरोप न घेता तडकाफडकी पेस्टला निघून गेले.

१८६१मध्ये त्यांचा ग्रंथ आला, विरोधकांची उणीदुणी काढणारा. त्यावर टीका होताच त्यांनी नामवंत प्रसूतितज्ज्ञांना खुली पत्रे धाडली. व्यूर्त्सबुर्गच्या स्कान्झोनी यांना तर थेट खुनी ठरवले! चारचौघांत खुनी म्हटलेला माणूस मुकाट्याने हात धुवायला कसा जाईल? उलट मुद्द्याला बगल देऊन, ‘हा गृहस्थच तिरसट’ म्हणायची आयती सोय झाली.

अर्थात सगळा दोष स्वभावाचा नव्हे. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजला नव्हता, आणि आपल्याच हातांनी बाळंतिणी मेल्या हे कोणत्या डॉक्टरला पचणार?

१८६५मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, ४७व्या वर्षी ते वारले. जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले ते १८६७ साली.