पुडीच्या कागदावर वाचणारी बाई

दुकानातून साखर आणली, की पुडीचा कागद आपण फेकून देतो. फलटणच्या बेबीताई कांबळे तो कागद वाचीत बसत. त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. माल बांधायला रद्दी येई. थोडीशी शाळा झालेली. वाचनाची सवय टिकली ती या रद्दीवर.

पुढे त्या स्वतः लिहू लागल्या. पण चोरून! नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद लपवून ठेवीत. पुष्कळ वर्षे असेच चालले.

काय लिहीत होत्या त्या?

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, महार समाजातला. बालपण वीरगावी, आजोळी गेले. तिथल्या बाया लाकडाची मोळी विकायला गावात जात. गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकायचे नाही. लाकडाला आपला केस किंवा लुगड्याचा धागा चिकटला नाही ना, हे तपासून द्यायचे. नाहीतर घर बाटते म्हणे! त्यांनीच तोडलेल्या लाकडावर शिजलेला भात मात्र बाटत नसे.

हा झाला गावाचा जाच. पण बेबीताईंनी आपल्या वस्तीतलेही झाकून ठेवले नाही. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी यायची. कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायची. भाकरी नीट जमली नाही, की मार. पोर माहेरी पळाली, तर बाप-भाऊच तिला परत आणून सोडीत. मग सासरचे तिच्या पायात खोडा घालीत. खोडा म्हणजे लाकडाचा जड ओंडका. तो ओढीत, रक्ताळल्या पायाने तिने घरकाम करायचे.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली या दोन्ही जाचांवर हुकूम काढले होते. शाळा-दवाखान्यात शिवाशीव पाळू नये, हा एक. बायकांना क्रूरपणे वागवील त्याला शिक्षा, हा दुसरा. वीरगाव या संस्थानाबाहेरचे. आणि कायदा असता तरी, पायात खोडा घेऊन ती पोर कचेरीपर्यंत चालणार कशी?

बेबीताईंचे लिखाण १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात आले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. त्यात एक गोष्ट नाही. नवरा संशयावरून त्यांनाही मारीत असे. हे त्यांनी पुष्कळ वर्षांनी माया पंडित यांना मुलाखतीत सांगितले. पंडितबाईंनी त्यांचे पुस्तक इंग्रजीत नेले. मग आधी का लिहिले नाही? समाजाचे दुःख मोठे, म्हणून आपले बाजूला ठेवले, असे बेबीताईंचे म्हणणे. मला विचाराल, तर तेही समाजाचेच दुःख होते.