बंब निघण्यापूर्वीचे कर्तव्य

आजव्याचे सरोवर बांधून बडोदे शहरास नळाचे पाणी देणारे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव मराठी माणूस आजही आदराने घेतो. प्रजेची तरतूद संकट येण्यापूर्वी करावयाची असते, हा त्यांच्या कारभारातून घ्यावयाचा धडा होय. त्याच बडोद्यात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका प्राणांस मुकल्या. नावेत क्षमतेहून अधिक मुले बसविलेली होती. कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटेही नव्हती. अग्निशामक दलाचे जवान पाण्यात उतरले ते हे सारे घडून गेल्यावर. त्याच वर्षीच्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला आणि ९ जुलै २०२५ रोजी महीसागरावरील गंभीरा पूल कोसळला, तेव्हाही लोकांनी धावा केला तो याच दलाचा.

या जवानांच्या धैर्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन दिन पाळला जातो, तो उचितच आहे. परंतु हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहणे सोपे, त्यांच्या वारसदारांना निर्भयपणे काम करू देणे कठीण! शौर्य हे सुव्यवस्थेला पूरक असते, तिचा पर्याय नव्हे.

अग्निशमन प्रमुखाची खरी कसोटी ज्वाळांपुढे लागत नाही. ती त्याच्या मेजावर, ना-हरकत दाखल्याच्या कागदापुढे लागते. राजकोट येथे २५ मे २०२४ रोजी एका क्रीडाकेंद्रास आग लागून २७ जणांचा बळी गेला. त्या केंद्राकडे असा दाखला नव्हता आणि तरीही ते राजरोस चालू होते. पुढे खुद्द अग्निशमन विभागाचे अधिकारीच गजाआड गेले. संबंधितांचा दोष न्यायालय ठरवील. परंतु जो अधिकारी वेळीच ‘नाही’ म्हणतो, त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, हा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे. बडोदे वा राजकोट येथे हे दल महानगरपालिकेच्या अधीन आहे, आणि बांधकामास परवानगी देणारीही तीच महानगरपालिका! अशा स्थितीत नकार देणाऱ्यास अभय नसेल, तर कायद्याचे पुस्तक कितीही जाड असले तरी त्याचा उपयोग काय?

म्हणून प्रमुखपदी रीतसर प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ पासून असे अधिकारी घडवीत आले आहे. नेमणूक कायम आणि ठराविक मुदतीची असावी. ‘प्रभारी’ म्हणून टांगती ठेवलेली नसावी. तपासणीचे अहवाल नागरिकांस पाहावयास मिळावेत. आणि प्रत्येक दुर्घटनेनंतर कोठे चुकले, हे कनिष्ठ जवानालाही वरिष्ठांसमोर भीड न बाळगता सांगता यावे. ज्या दलात चूक झाकली जाते, तेथे ती पुन्हा घडते, आणि दुसऱ्या वेळी ती एखाद्याचा जीव घेऊन जाते.

गोमंतकीय वाचकाने हे परक्या गावाचे दुखणे समजू नये. आपल्याकडे हे दल राज्याच्या संचालनालयाखाली आहे. तरीही ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबातील आगीत २५ जण दगावले आणि अरुंद वाटेमुळे बंब थेट दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. ती वाट आगीच्या रात्री अरुंद झाली नव्हती. आदल्या दिवशीही ती तेवढीच होती. ती मोजून, तेथे गर्दी जमविण्यास मनाई करण्याचा अधिकार आणि धैर्य अग्निशमन अधिकाऱ्यास शासन देणार आहे काय? तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय मोडावयाची असेल, तर आरंभ या प्रश्नाच्या उत्तरापासूनच व्हावयास हवा.