जोखीम कुणाच्या पदरात?

अणुऊर्जेचं दार खासगी कंपन्यांना उघडणारा ‘शांती’ कायदा डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हा रत्नागिरीकरांना जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प आठवणं साहजिकच होतं. सहा अणुभट्ट्या, 9,900 मेगावॉट हे आकडे इथे पाठ आहेत. मला मात्र एक बारीक बदल खटकतो. सदोष यंत्रामुळे अपघात झाला, तर पुरवठादाराकडून भरपाई वसूल करायची सोय 2010 च्या कायद्यातच होती. आता घातपात सोडला, तर करारात लिहिलं असेल तरच.

करारात काय लिहिलंय याची किंमत गुहागर तालुक्याला ठाऊक आहे. अंजनवेलचा वीजप्रकल्प लोकांच्या तोंडी अजून ‘एन्रॉन’च, तो आणणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाने. 1993 च्या करारानुसार वीज घेवो न घेवो, वीज मंडळाने बहुतांश क्षमतेचे पैसे मोजायचे. डॉलर वधारला, इंधन महागलं, तरी भुर्दंड मंडळालाच. जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारलं होतं. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. पुढे प्रकल्प एनटीपीसी आणि गेलच्या कंपनीकडे आला, तर गॅस पुरेना. लाटा अडवणारी भिंत वर्षानुवर्षं अर्धवट, म्हणून पावसाळ्यात गॅसची जहाजं लागेनात. कोकणच्या समुद्राला पावसाळा असतो, हे दाभोळच्या कुठल्याही तांडेलाने फुकट सांगितलं असतं!

पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचे ऊर्जा-अभ्यासक गिरीश संत यांनी सहकाऱ्यांसह 1995 मध्येच या कराराची चिरफाड केली होती. ‘परदेशी कंपनी हटाव’च्या गदारोळात त्यांनी जोखीम कुणाची, हा रुक्ष प्रश्न लावून धरला. 2012 मध्ये ते गेले. शेवटच्या वर्षांत त्यांचा ध्यास होता कमी वीज खाणाऱ्या पंख्यांचा. हसू नका. छताच्या साध्या पंख्याला 75 वॉट लागतात, चांगल्याला 35. असे एक कोटी 85 लाख पंखे एकाच वेळी फिरत असतील, तर वाचतात 740 मेगावॉट. एन्रॉनचा अख्खा पहिला टप्पा! ना डॉलर, ना नाफ्था, ना भूसंपादन. पण पंख्याचं भूमिपूजन कुठला मंत्री करणार?

कोळसा कमी करायचा तर अणुऊर्जा नकोच, असं मी म्हणणार नाही. रात्री सूर्य नसतो. पण एन्रॉनचा 1993 चा वीजखरेदी करार आधी गोपनीय होता, तसं पुन्हा नको. जैतापूरच्या कराराचा मसुदा सहीआधी मराठीत प्रकल्पाच्या गावी, माडबनच्या चावडीवर लावा, दराच्या आणि भरपाईच्या कलमांसकट.