कायदा होतो कसा?

संसद कायदे करते व मंत्रिमंडळ ते राबविते, असे आम्ही राज्यशास्त्राच्या तासाला वहीत उतरवून घेतो. परंतु हे वाटप वाटते तितके सरळ नाही. वनहक्क कायद्याचेच पाहा ना!

सरकारने १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकात, २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनाच हक्क होता, तोही अडीच हेक्टरपर्यंत. संसदेच्या संयुक्त समितीने विधेयक तपासले आणि अखेर कायद्यात तारीख १३ डिसेंबर २००५ झाली, मर्यादा चार हेक्टर. आम्ही कोलाम. केळापूर तालुक्यातील आमच्या पोडावर आजोबा जंगलातली जमीन वाहू लागले ते १९९१ साली. म्हणजे मूळ मसुद्यात ते बसतच नव्हते.

राष्ट्रपतींची संमती डिसेंबर २००६ मध्ये मिळाली. तरी कायदा वर्षभर निजलेलाच! तो अंमलात कधी आणायचा, हे ठरविण्याचा अधिकार त्याच कायद्याने केंद्र सरकारला दिला होता. ३१ डिसेंबर २००७ रोजी तो लागू झाला, दुसऱ्या दिवशी नियम आले. नियम सरकार करते. मात्र ते संसदेपुढे ठेवावे लागतात व संसद ते बदलू शकते.

आमचा दावा ग्रामसभेने मंजूर केला आहे. पुढे तो वरच्या कचेरीत आहे. बा विचारतो, "दिल्लीत पास झालं ना, मंग कागद कुठी अडला?" मी त्याला नियम वाचून दाखवितो.