पाचवी रेघ आडवी

कामावरची शाळा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण १९४२च्या स्टॅनफर्डमध्ये होतो. युद्धसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांतले इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर तिथे आठ-दहा दिवस बसून कंट्रोल चार्ट काढायला शिकले. मग तसे वर्ग अमेरिकाभर भरले, हजारो माणसं शिकली आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ते सगळं विरून गेलं. या वर्गांची कल्पना ज्यांनी मांडली, ते संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग नंतर त्याचं कारण सांगत: शिकवलं ते खालच्यांना. ते काय शिकून आले आहेत, याचा वरच्या साहेबांना पत्ताच नव्हता.

हेच डेमिंग १९५०च्या जूनमध्ये जपानला गेले. तिथल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या ‘ज्यूस’ या संघटनेनं त्यांना बोलावलं होतं. इंजिनिअरांसाठी आठ दिवसांचे वर्ग झालेच. पण या वेळी डेमिंग कंपन्यांच्या प्रमुखांसमोरही बोलले, आधी टोकियोत आणि मग हाकोनेच्या डोंगरात. व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्यांनी ज्यूसलाच दिलं आणि त्यातून १९५१ साली डेमिंग पारितोषिक सुरू झालं. १९५४ साली जोसेफ जुरान आले, त्यांनी मधल्या फळीतल्या मॅनेजरांचे वर्ग घेतले.

तरी घोडं अडलंच, ते फोरमनपाशी. आकडा जन्मतो तो त्याच्या डोळ्यांसमोर. मशीनवरून जॉब उतरतो, गेज लागत नाही, जॉब लाल डब्यात जातो. तो का गेला हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतं. पण फोरमनला वर्गात बसवायचं तर लाइन कोण चालवणार? १९५६ पासून ज्यूसनं रेडिओवरून धडे दिले. पुढे १९६२ साली टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं ‘गेम्बा टु क्यूसी’ हे मासिक निघालं. गेम्बा म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा. फोरमनला स्वतःच्या खिशातून घेता येईल इतपतच किंमत ठेवायची, हा इशिकावांचा आग्रह होता.

मासिक काढलं म्हणून माणूस वाचतो थोडाच! शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झालेला फोरमन दिवसभर उभा राहून घरी गेला की वाचत नाही, हे इशिकावांना कळत होतं. म्हणून त्यांनी सुचवलं की आपापल्या विभागात गट करा, मिळून वाचा आणि वाचलेलं लगेच आपल्याच मशीनवर करून बघा. क्वालिटी सर्कलचा जन्म हा असा आहे. आपल्याकडे सर्कल म्हटलं की स्पर्धा, बॅनर, ढाल आणि ग्रुप फोटो आठवतो. मुळात ते वाचनमंडळ होतं.

आपल्या मंडळींना हे सगळं फार उशिरा कळलं असंही नाही. कंट्रोल चार्टचे जनक वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ साली, म्हणजे डेमिंग जपानला पोचण्याआधीच, महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून इथे येऊन गेले होते. विद्या आली, पण बराच काळ ती इंजिनिअरांच्या टेबलापर्यंतच राहिली. आपल्याकडे क्वालिटी सर्कल सुरू झालं ते थेट १९८० साली, हैदराबादच्या भेलमध्ये. कांदिवली आणि नागपूरला ज्यांचे कारखाने आहेत, त्या महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागाला डेमिंग पारितोषिक मिळायला २००३ उजाडलं.

आता त्या गटांत शिकवत काय, ते पाहू. सात साधनं: चेकशीट, पॅरेटो, फिशबोन, हिस्टोग्राम, स्कॅटर, कंट्रोल चार्ट आणि आकड्यांची वर्गवारी. एवढ्यावर कारखान्यातले ९५ टक्के प्रश्न सुटतात, असं इशिकावा म्हणत. पेन्सिल, कागद आणि पट्टी पुरे. सातांतलं माझं आवडतं म्हणजे सगळ्यात साधं, चेकशीट. आपण चार उभ्या रेघा मारतो आणि पाचवी आडवी. जपानी माणूस पाचांसाठी ‘बरोबर’ या अर्थाचं चित्राक्षर एकेक फटकारा देत पुरं करतो, कारण त्याला फटकारे पाचच लागतात.

समजा, आठवड्यात ६० जॉब बाद झाले, सगळ्यांचं भोक मोठं झालेलं. साहेब म्हणतात, पोरं नवीन आहेत. चेकशीटवर ऑपरेटरच्या नावानं वर्गवारी केली तर रेघा जवळजवळ सारख्याच. मशीनवार केली तरी तेच. मग कुणीतरी तासाचा रकाना पाडतो आणि ६० पैकी ३८ रेघा सकाळच्या पहिल्या तासात दिसतात. रात्रभर थंड पडलेलं मशीन तापत जातं, स्पिंडल किंचित वाढतो, माप सरकतं. उपाय? काम सुरू करण्याआधी मशीन थोडा वेळ रिकामं फिरवणं. यात गणित फक्त मोजण्याचं आहे. अवघड आहे ते कोणता रकाना पाडायचा हे सुचणं, आणि ते रोज सकाळी सातला तिथे उभ्या असणाऱ्याला सुचतं. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तासाचा रकाना कुणी ठेवलाच नसेल, तर पडद्यावरचे रंगीत आलेख ‘पोरं नवीन आहेत’ एवढंच सांगत राहतील.

पण चेकशीटला एक रोग होतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत तो मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. आठ तासांचा तक्ता एकाच पेनानं, एकाच हातानं, एका दमात भरलेला असतो आणि त्यावर तेलाचा एक डाग नसतो. शिफ्ट संपताना टेबलाशी बसून भरलेला तो तक्ता असतो. एका ऑपरेटरला मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, “साहेब, खरं लिहिलं की जाब द्यायचा. तीन लिहायचे, म्हणजे कुणी विचारत नाही.” त्या माणसाचं आकड्यांचं प्रशिक्षण झालं होतं, भिंतीवर प्रमाणपत्रही होतं. त्याच्या साहेबाचं झालं नव्हतं.

त्या साहेबासाठी डेमिंगकडे एक खेळ होता, नंतरच्या काळात तो ते आपल्या शिबिरांत आवर्जून खेळवत. एका खोक्यात पांढरे मणी, त्यांत पाचवा हिस्सा लाल. पन्नास खळग्यांची एक फळी. सभेतल्या सहा जणांना ‘कामगार’ म्हणून पुढे बोलवायचं. प्रत्येकानं फळी खोक्यात बुडवून वर काढायची. लाल मणी म्हणजे बाद माल, तो नको. डेमिंग स्वतः फोरमन होत आणि खऱ्याखुऱ्या फोरमनसारखे वागत. कमी लाल निघाले त्याचं कौतुक आणि पगारवाढ, जास्त निघाले त्याची खरडपट्टी, भिंतीवर ‘शून्य दोष’चे फलक.

हिशेब सोपा आहे. पन्नासांत सरासरी दहा लाल. पण खोकं तेच, फळी तीच असतानाही कधी दोन निघतील, कधी अठरा, आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगाचा असेल. कंट्रोल चार्टच्या दोन सीमारेषा हेच सांगतात: यांच्या आतल्या चढ-उताराबद्दल माणसाला धारेवर धरू नका, खोकं बदला. पण खोक्यात काय भरायचं ते कामगार ठरवत नाही.

खेळाच्या शेवटी कारखाना तोट्यात जाई. मग डेमिंग सगळ्यात चांगले तीन कामगार ठेवून बाकीच्यांना घरी पाठवत आणि उरलेल्यांना डबल शिफ्ट लावत. शिबिरातले मॅनेजर हसत, माना डोलावत. तिघं पुन्हा फळी बुडवत, आणि लाल मणी पहिल्याइतकेच निघत.