बॅगेचं कुलूप

भाची शिकायला अमेरिकेला निघाली, तेव्हा जानेफळच्या घरात रात्री उशिरापर्यंत बॅग भरणं चाललं होतं. कुरडया, शेवया, जवसाची चटणी, काळा मसाला, डिंकाचे लाडू. एका बॅगेला 23 किलोची मर्यादा, म्हणून किराणा दुकानातला काटा घरी आणला होता. सगळं बसल्यावर बहिणीनं कोठीचं पितळी कुलूप पुढं केलं.

"मामा, हे त ते तोडतीन," भाची म्हणाली.

तिचं खरं होतं. 2001च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत चेक-इनची प्रत्येक बॅग तपासली जाऊ लागली, आणि तिथं बॅग उघडताना प्रवासी समोर नसतो. साधं कुलूप असेल तर कापतात आणि आत छापील चिठ्ठी ठेवतात. लाल हिऱ्याची खूण असलेलं कुलूप मात्र तपासनीसांकडच्या मास्टर चावीनं उघडतं. त्या चाव्यांचं छायाचित्र 2014 साली एका वर्तमानपत्रात छापून आलं आणि पुढच्याच वर्षी लोकांनी घरबसल्या थ्रीडी प्रिंटरवर तशा चाव्या काढल्या. तशीही कापडी बॅगेची चेन साध्या बॉलपेननं उसवता येते. म्हणून मी बहिणीला सांगितलं, लाल हिऱ्याचं कुलूप लाव, पण ते वाटेत चेन सरकू नये एवढ्यासाठी. दागिना, कागदपत्रं, पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

या तपासणीचा राग येतो, पण तिच्यामागं माणसं गेलेली आहेत. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' समुद्रावर फुटलं, 329 जण गेले. बॉम्बची बॅग विमानात होती, तिचा मालक चढलाच नव्हता. त्यानंतर 1987 साली आपल्याकडं नागरी विमान सुरक्षा ब्युरो स्वतंत्र खातं झालं. आपल्याकडं संशयास्पद बॅग शक्यतो प्रवाशाला बोलावून, त्याच्यासमोर उघडतात. हे मला अधिक न्याय्य वाटतं.

संशय येतो कशाचा? क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि अन्न, कापड, कागद नारिंगी. स्फोटकंही बहुधा नारिंगीच दिसतात. गच्च दाबलेल्या लाडवांचा डबा म्हणजे एकसंध नारिंगी ठोकळा. पाहणाऱ्यानं तो उघडायलाच हवा. मग आम्ही बॅग पुन्हा मांडली. पिठं आणि लाडू वेगवेगळ्या पारदर्शक डब्यांत, सगळ्यात वर; वायरी आणि चार्जर त्यांच्यापासून दूर. प्रत्येक डब्यावर इंग्रजीत नाव. खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या, कारण तेलकट सुकं खोबरं आपोआप तापू शकतं आणि चेक-इन बॅगेत त्याला मनाई आहे. बहिणीला ते फार लागलं. शेवटी तिनं रात्रीच खोबरं भाजून मसाल्यात कुटून टाकलं.

पहाटे मेहकरजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. मुंबईत बॅग पट्ट्यावर गेली, कुणी बोलावलं नाही. अमेरिकेत ती उघडली गेली होती. चिठ्ठी लाडवांच्या डब्यावरच होती, कुलूप शाबूत, झाकण नीट लावलेलं. गल्लीतला आणखी एक मुलगा आता निघतोय. त्याच्या आईला बहिणीनं आधीच बजावलंय, लाडू तळाशी दडपू नका, वरच ठेवा.